मोड्याला जुंपलेले बैल

१० जुलै १९७९, मंगळवार
सोमवारी साहेब येणार! हेडमास्तरांनी कचेरीचं पत्र वाचून दाखवलं. शेती-विषयाची तपासणी, सोळा तारीख. नववीच्या नऊ मुलांनी बैल जुंपून भातखाचरात चिखलणी करून दाखवायची. साहेबांच्या मनास आली तर वर्ग राहील, नाही तर यंदाच बंद.

मी शाळेची पायरी चढलो नाही. गुरांमागं फिरताना अक्षरं गिरवली. आणि आता म्हातारपणी त्याच शाळेच्या मुलांना चिखलणी शिकवतोय! तो वर्ग बुडू द्यायचा?

पण सोमवार म्हणजे आमचा मोडा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही — वाडवडिलांपासूनचं आहे.

"तारीख बदलून मागा," मी म्हटलं. हेडमास्तर कसनुसं हसले. "मोडा आहे म्हणून लिहू? अडाणी म्हणतील आपल्याला, गेणबा."

मलाही पटलं. पुण्याच्या साहेबाला मोडा काय कळणार!

१२ जुलै
बैल द्यायला कुणी तयार नाही. राहिले माझेच.

भिवाजी देवळापुढं सगळ्यांदेखत म्हणाला, "गेणबा, सोमवारी बैल जुपलंस तर तुज्या आवणीला गावातलं येक मानूस येनार न्हाई."

"त्येला कशाला मानसं? मास्तर झालाय त्यो! खडूनं लावंल भात!" — हा कुशाबा. सगळे हसले.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आवणी, म्हणजे भातलावणी, एकट्यानं होत नाही. आज माझ्या खाचरात दहा माणसं, उद्या त्यांच्यात मी — अशीच इथं भातं लागतात. रोपं वीतभर वर आलीत. आठवड्यात लावली नाहीत तर जून होतील. मग वर्षभर खायचं काय?

१३ जुलै
बायकोचा, धोंडाबाईचा, अबोला. भाकरी मात्र आदळून थापली.

१४ जुलै
संध्याकाळी साळू आली. वर्गातली एकटी मुलगी. बाप नाही, आई मजुरी करते.

"आबा, आई म्हनती, शेतीचं शिकतीस तवर जा. वर्ग बंद झाला की चल माज्यासंगं मजुरीला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पोर गेल्यावर चुलीपुढून धोंडाबाई बोलली — तीन दिवसांनी! "अवं, द्या बैलं. लावू आपून दोघंच."

"पाच खाचरं? दोघांनी?"

"मग काय, मोजत बसू व्हय?"

१६ जुलै, सोमवार
जुंपले.

जू ठेवताना मनात देवाला म्हटलं, दोष माझा, मुलांना लावू नकोस. पाऊस तर असा की समोरचा बैल दिसेना. बांधावर इरली घेऊन अर्धं गाव उभं — एकही माणूस बोलत नव्हता. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

साळूनं कासरा घेतला आणि खाचर लोण्यासारखं केलं. वा रे पोरी!

दहा वाजले. एक वाजला. मुलं दातावर दात वाजवत उभी. हेडमास्तर दर घडीला रस्त्यावर जाऊन बघून येत. चार वाजले — साहेब आलेच नाहीत!

भिवाजी जाताना एवढंच म्हणाला, "झालं समाधान?"

उद्या आमची आवणी ठरली होती. दिवेलागणीला एकेकाच्या दारात जाऊन आलो. "बघू," म्हणाले सगळे. बघू म्हणजे नाही.

१७ जुलै, मंगळवार
आवणीला कुणी आलं नाही.

साहेब मात्र आले! मुलांनी पुन्हा चिखलणी केली. वर्ग मंजूर.

निघताना हेडमास्तर चाचरत म्हणाले, काल वाट बघितली. साहेब छत्री उघडता उघडता थांबले. "काल? अहो, ती तारीख कारकुनानं टाकली. माझी आत्या याच खोऱ्यात दिलीय, मला माहीत नाही का? मोड्याला कुणी बैल जुंपतं होय?"