रेनडिअरच्या गाडीतून आल्यावर

चाचा, मागच्या महिन्यात मी रेनडिअरच्या गाडीत बसून आलो. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता आणि मग विचारलं असतं, "कशाला रे? तुझ्या दारात गाडी नाय काय?" दारात गाडी आहे, तिला एसीही आहे. तरी आम्ही दोघं नवरा-बायको तीन विमानं बदलून अल-खोबरहून फिनलंडच्या पार उत्तरेला गेलो. थंडीत तिथल्या आकाशात हिरवा उजेड हलतो म्हणतात, तो बघायला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोने हे एकच मागितलं होतं. उजेड काही दिसला नाही. पण त्या गाडीत एक साधीशी गोष्ट घडली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. चाची आजारी असल्याचा फोन मला कधी आला होता, ते मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं. तेच सांगायला बसलो आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, म्हणजे घाई होती अशातला भाग नाही.

सौदीतल्या राबिघच्या कारखान्यात मी आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नाशिकहून डिग्री घेऊन आलेला, हेल्मेटचा पट्टा नीट लावता न येणारा इंजिनियर. तुम्ही रत्नागिरीकडचे फोरमन, तिथे वीस वर्षं काढलेले. मोठमोठे पंप नि कॉम्प्रेसर उघडायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा जागेवर बसवायचे हे तुमचं काम, आणि कागदोपत्री मी तुमचा वरिष्ठ. चारचौघांत तुम्ही मला साहेब म्हणायचात. कॅम्पवर आलो की तोच साहेब कांदा चिरायला बसायचा. मी घरचा शाकाहारी, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही एक नवी कढई आणून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "ही तुझी. हिच्यात मासळी शिजायची नाय. निर्धास्त जेव." ती कढई तुम्ही स्वतः घासायचात, कारण माझ्या घासण्यावर तुमचा विश्वास नव्हता. सहा महिन्यांनी एका शुक्रवारी मीच तुमच्या भांड्यातलं बांगड्याचं तिखलं वाढून घेतलं, तेव्हा तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. "आईला कळवू नकोस हां," एवढंच म्हणालात. तुमच्याइतकं जपणारं माणूस मला पुन्हा त्या देशात भेटलं नाही, आणि नेमकं तुमच्याशीच मी असं वागलो.

तुमची बोलणीही मी एकदा खाल्ली आहेत. पंप आणि मोटर एका रेषेत आहेत की नाहीत याची मापं घेऊन तक्ता भरायचा होता. एक माप जरा बाहेर जात होतं, तर मी ते आतलं करून लिहिलं. तुम्ही तक्ता वाचलात, मला बाजूला घेतलंत आणि पहिल्यांदा आवाज चढवलात. "दिसलं ते लिव. दिसायला पायजे होतं ते कशाला लिवतोस?" मग सगळे बोल्ट सोडायला लावून माझ्याकडून मापं पुन्हा घेतलीत. चार तास उन्हात. मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या आणि संध्याकाळी तुम्ही केलेला चहा मुकाट्याने प्यायलो.

आता तो फोन. तुमच्याकडे गल्फमधल्या माणसाला वाईट बातमी थेट देत नाहीत. तिकडे तो एकटा, ऐकून हातपाय गाळून बसेल, म्हणून त्याच्या जवळच्या माणसाला फोन करायचा. त्या माणसाने आधी याला जेवू घालायचं, मग शेजारी बसून बातमी थोडी थोडी करून सांगायची. तुम्ही स्वतः किती जणांच्या शेजारी असे बसला होतात. माझा नंबर तुम्ही घरी देऊन ठेवला होता, "काय अडलं तर या पोराला फोन करा," असं सांगून. तुमची मुलगी तेव्हा बारावीत होती. सोमवारी दुपारी तिचा फोन आला. "काका, अम्मीला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. डॉक्टर म्हणतात अब्बांना बोलवून घ्या. तुम्ही सांगाल ना त्यांना नीट?" मी म्हटलं, सांगतो, तू काळजी करू नकोस.

त्या दिवशी शटडाऊनचा शेवटचा आठवडा चालू होता. सगळा कारखाना थांबवून दुरुस्ती चाललेली, बुधवारी सकाळी मोठा कॉम्प्रेसर सुरू करायचा, आणि तो माझ्या नावावर होता. तुमच्याशिवाय मला तो बसवता आला नसता, हे मला माहीत होतं आणि मुदीरला, आपल्या मॅनेजरलाही माहीत होतं. दुपारी दोनला मी तुमच्याकडे यायला निघालो. तुम्ही कॉम्प्रेसरच्या खाली आडवे झाला होता, फक्त बूट दिसत होते. तुम्ही आतून ओरडलात, "साहेब, बारा नंबरचा पाना दे." मी पाना दिला आणि परत गेलो. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं. मग उद्या सांगू म्हटलं. मंगळवारी तुम्ही फारच थकलेले दिसलात, म्हणून म्हटलं, मशीन एकदा सुरू होऊ दे. तुमच्या जवळ मी जात होतो, तुमच्याबरोबर जेवत होतो आणि दर वेळी माझ्याकडे एक चांगलंसं कारण तयार होतं.

बुधवारी सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला. पहिल्याच झटक्यात. तुम्ही माझी पाठ थोपटलीत. तासाभरात चाचींच्या भावाचा फोन आला. पहाटे त्या गेल्या होत्या. "गेली असं सांगू नका, सीरियस आहे एवढंच सांगा आणि विमानात बसवा," ते म्हणाले. मग मी धावलो. तेव्हा पासपोर्ट कंपनीकडे असायचा. परत येण्याच्या परवानगीचा शिक्का लागायचा, त्यावर कफीलची, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाची सही, आणि गुरुवार-शुक्रवार सुट्टी. एका दुपारी मी सगळं उरकलं. मुदीरसमोर रडलो, कारकुनाच्या हातापाया पडलो. चार वाजता तुम्हाला घेऊन जेद्दाच्या रस्त्याला लागलो. लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले, त्याने चाचांसाठी काय धावपळ केली. धावपळ खरीच होती, फक्त दोन दिवस उशिरा सुरू झाली.

गाडीत तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत. "वाचेल काय रे ती?" मी म्हटलं, बऱ्या होतील. ते खोटं सगळ्यांचं होतं, माझ्या जागी कुणीही तेच बोललं असतं, तुम्हीसुद्धा. थोड्या वेळाने तुम्ही विचारलंत, "फोन कधी आला?" मी समोर रस्त्याकडे बघत म्हटलं, "आज सकाळी." ते खोटं माझं एकट्याचं. सोमवारी सांगितलं असतं तर मंगळवारी रात्री तुम्ही रत्नागिरीत असता. चाची मंगळवारी रात्री शुद्धीवर होत्या आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होत्या, हे मला नंतर कळलं. तुम्ही पोचलात तेव्हा दफन होऊन एक दिवस उलटला होता.

चाळिसाव्याचं सगळं उरकून तुम्ही परत आलात. बॅगेत फार काही नव्हतं. चाचींसाठी घेऊन ठेवलेली राखाडी लोकरीची शाल तुम्ही कपाटातून काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. माझं लग्न ठरलं होतं. "तुझ्या बायकोला दे. घरात पडून काय करायची?" म्हणालात, आणि मग माझा हात दोन्ही हातांत धरून, "तू होतास म्हणून मी निदान तिच्या कबरीपर्यंत तरी पोचलो." मला ते ऐकवेना. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचे डोळे भरले होते आणि मी, चाचा, तुमचे आभार स्वीकारले.

तीच शाल बायकोने फिनलंडला नेली. तिथल्या लोकांनी दिलेल्या अंतराळवीरासारख्या सूटवर तिने ती गुंडाळली, त्यामुळे ती लग्नातल्या बोचक्यासारखी दिसत होती, आणि मी तसं म्हटल्यावर तिने माझ्याशी अर्धा तास अबोला धरला. तिथे दुपारी तीनलाच काळोख पडतो. पाच वाजता आम्हाला गाडीत बसवलं. गाडी म्हणजे लाकडी पाट्यांची घसरगाडी, खाली कातडं अंथरलेलं, वर जाड पांघरूण. पुढे एक रेनडिअर, त्याला धरून चालणारा एक म्हातारा. मला वाटलं होतं भरधाव जाईल. छे, बैलगाडी बरी. रेनडिअर चार पावलं चालायचा, थांबायचा, खाली बर्फाला तोंड लावायचा, म्हातारा त्याच्यासाठी थांबायचा. चालताना त्याच्या पायांतून टिकटिक असा बारीक आवाज यायचा. बाकी सगळं गप्प. थंडीने नाकातले केस ताठ झालेले मला कळत होते. बायको मान वर करून बसली होती. ढग होते, पण ती मान खाली घेईना.

शेवटी तिने म्हाताऱ्याला इंग्रजीत विचारलं, आज उजेड दिसेल का? मी उत्तर ओळखून होतो. पंचवीसहून जास्त वर्षं मी जिथे राहतो तिथे अशा प्रश्नाला इन्शाअल्ला म्हणतात, आपण बघू म्हणतो, सहलवाले तर पैसे घेतलेले असतात. म्हाताऱ्याने आकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नो," म्हणाला. "टुनाइट नो. क्लाउड." आणि लगाम धरून पुढे चालू लागला. मला त्याचा राग आला. एवढ्या लांबून आलेल्या बाईशी दोन शब्द गोड बोलायला काय जात होतं त्याचं? बायकोने ढगांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग तिने मान खाली घेतली, मानेला हात लावून "आई गं" म्हणाली आणि पहिल्यांदाच आजूबाजूला बघितलं. बर्फाने वाकलेली झाडं तिने मला दाखवली. रेनडिअरच्या टिकटिकीकडे कान द्यायला लावला. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती उरलेला सगळा रस्ता बसून राहिली. उतरताना म्हणाली, "बरं झालं त्याने सांगून टाकलं. नाहीतर मी वरच बघत राहिले असते."

मला तिथेच रडू आलं, चाचा. तिला वाटलं थंडीने डोळ्यांतून पाणी येतंय. तुमचे दोन दिवस मी मशीनखाली घालवले. तुम्हाला कळलं असतं तर त्या दोन दिवसांचं काय करायचं ते तुम्ही ठरवलं असतं. कदाचित चाची वाचल्या नसत्याच, पण तुम्ही त्यांच्या उशाशी असता. ते ठरवणारा मी कोण होतो?

परत आल्यावर पहिल्या शनिवारी मी तुमच्या मुलीकडे गेलो. तिच्या नवऱ्याची नोकरी दम्मामला आहे, दर ईदला ती आमच्याकडे शीरखुर्मा पाठवते. नवरा ड्युटीवर होता, मुलं आतल्या खोलीत इंग्रजीत भांडत होती. चहा झाला. मी म्हटलं, "तुझ्या अम्मीच्या वेळचं एक सांगायचंय."

"सोमवारच्या फोनचं ना?" ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. ती माझ्याकडे न बघता बिस्किटांची बशी सरळ करत होती.

"मीच केला होता, काका. मी कशी विसरेन? मंगळवारी रात्रभर मी अम्मीला सांगत होते, अब्बा निघालेत."

"तू कधी बोलली नाहीस."

"अब्बांनी विचारलं होतं मला. गावाला आले तेव्हा. काकांना पहिला फोन कधी केलास म्हणून. मी म्हटलं, बुधवारी."

"का?"

"त्यांना परत तिकडेच जायचं होतं ना," ती म्हणाली. "तुमच्याच शेजारी बसून जेवायचं होतं. तिथे दुसरं कोण होतं त्यांना? अम्मी गेलीच होती. तुम्हीही गेला असता." मग बशी माझ्यापुढे सरकवून, "मला तुमचा राग आला होता. खूप वर्षं येत होता. शीरखुर्मा पाठवायला लागले तेव्हा कमी झाला."

मी माफी मागितली. तिने मान हलवली. ती हो होती की नको, मला कळलं नाही, आणि विचारायचा मला अधिकार नव्हता. मुलं बाहेर आली, एकाने मला "हॅलो अंकल" केलं, तिने त्यांना दरडावून सलाम करायला लावला. मी निघालो.

म्हणजे चाचा, तुम्हाला शंका होती. मला विचारलंत, तिलाही विचारलंत. सतरा वर्षांच्या पोरीने स्वतःच्या आईचं दुःख गिळून माझ्यासाठी तुमच्याशी खोटं बोलावं, आणि त्या खोट्याच्या भरवशावर तुम्ही पुढे कित्येक वर्षं माझ्या ताटात पहिली वाढणी करावी. हे पत्र कुणाला द्यायचं म्हटलं तर तिलाच देता येईल, पण तिला यातलं सगळं माहीत आहे. एक सोडून. तिच्या घराचा जिना उतरताना मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी मला हायसं वाटलं, की तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.