कोनतं रीळ आधी

जालना, मावशीच्या घरून
ता. २२ फेब्रुवारी १९७६, आइतवार

बबीच्या बापाला आसराचा वाकून नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव मावशीच्या शेजारच्या पोरीनं लिवलं. मला येत न्हाई असं न्हाई, चौथी पास हाये मी. पन नवऱ्याचं नाव आपल्या हातानं कसं लिवावं? आतलं समदं माझ्या हातचं हाये. अक्षर वाकडं आलं तर हसू नका, मांडीवर पोरगी हाये अन् तिला पेन्शील पाह्यजे.

आम्ही इथं बऱ्या हावोत. तुमची तब्येत बरी हाये असं तुमच्या जोडीच्या आपरेटर भुजंगभाऊकडून कळलं. हसनाबादला माहेरी माझ्या भाऊचा हरभरा निघाला, गाय व्याली, खोंड झालं. बबी आता पालथी पडती. पडती अन् मंग सुलटं होता येईना म्हनून रडती. रंग माझा हाये, पन कान तुमचे, वरून मुडपलेले. नाव अजून ठिवलं न्हाई. कानात नाव सांगायला आत्या लागती, अन् तुमच्याकडून कोनी आलं न्हाई. म्हनून आपलं बबी बबी चालू हाये.

मी जालन्याला कशी, असं तुम्ही म्हनताल. घरी सांगितलं की मावशी बिमार हाये. मावशीला काय बी झालेलं न्हाई, माझ्यापेक्षा एक भाकर जास्तीच खाती. खरं असं की आमच्या राधाकिसनभाऊनं बाजारात ऐकलं, जालन्याच्या टाकीजात परदेशातल्या पिक्चरांचा मोहोत्सव हाये, आठवडाभर रोज एका मुलखाचा पिक्चर, अन् रिळाच्या पेट्या औरंगाबादच्या पिक्चर मंडळाच्या येनार. तुमच्याच मंडळाच्या. भाऊनं जेवताना असंच सांगून टाकलं, त्याच्या ध्यानात बी आलं न्हाई. माझा घास हातातच राह्यला. पेट्या येतील तर पेट्यासंगं मानूस येईल, एवढंच मला कळलं.

तर काल शनवारी हिरवं लुगडं नेसले, पोरीला काजळ घातलं, कपाळाला तीट लावली अन् मावशीला घेऊन टाकीजात गेले. बाहेर समदे गडीच. इंग्रजी पिक्चर म्हनल्यावर त्यांना काय वाटलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्ती ठावं. दारावरचा मानूस मावशीला म्हनला,

“म्हातारे, हा देवाचा पिक्चर न्हाई.”

“मंग काय राक्षसाचा हाये का? दोन तिकिटं दे.”

“मांडीवरचं रडलं तर बाहेर काढीन.”

“तुझे हे शिट्ट्या मारनारे पाहुने रडले तर त्यांना काढ आधी.”

मी केबिनीच्या जिन्यापाशी गेले. वर उजेड दिसला. एकाला म्हनलं, आपरेटरला सांगा घरून आलेत. जिन्यावर चप्पल वाजली अन् मी पदर सावरला, पोरीचं तोंड पुढं केलं. खाली आले ते भुजंगभाऊ.

“वहिनी? तुम्ही इथं?” मानूस घाबरलाच. मंग तुमचं नाव घेऊन म्हनले, “त्याला नागपूरकडं काम निघालं जल्दी. ऐन टायमाला. म्हनून मी आलो.”

मी म्हनलं, बरं. त्यांनी पोरीच्या गालाला बोट लावलं. म्हनले, कान बापाचे हायेत.

परत जायचं तर मावशी म्हनली, पैसे दिलेत, बस आता. म्हनून बसलो. आधी एका कॉलेजातल्या सरांनी भाषन केलं. त्यांनी मुलखाचं नाव सांगितलं, मला राह्यलं न्हाई ध्यानात. लई थंडी असती तिथं. पडदाभर बर्फ. बाई डोक्याला फडकं बांधती, आपन पदर घेतो तशी. पीठ मळताना तिचे केस कपाळावर येत अन् ती मनगटानं मागं सारी, हाताला पीठ असतं म्हनून. मी बी तसंच करते. तिथून पुढं मला ती परकी वाटली न्हाई.

बोलनं तर एक अक्षर कळत न्हवतं. मागून कोनी ओरडलं, “अरे मराठीत बोल की!” समदे हसले. तिनं फडकं सोडलं तशा शिट्ट्या झाल्या. ती केस इंचरून परत पीठ मळायला बसली. मंग निम्मे गडी उठून गेले, पैसे बुडाले म्हनत.

मी सांगते मला काय दिसलं. तुम्ही हा पिक्चर किती बार चालवला असंल, तरी ऐका.

त्या बाईची एक पोरगी हाये, तीनेक वर्साची. दोघीच ऱ्हातेत. एक दिवस दारात मानूस येतो. दाढी वाढलेली, बुटाला बर्फ. बाई नुसती बघती. पोरगी तिच्या घागऱ्यामागं लपती. तो मानूस आत येत न्हाई. उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसतो अन् हात पुढं करतो. लई येळ तसाच. मंग पोरगी हळू हळू येती अन् त्याच्या दाढीला हात लावती. बाई काय भांडत न्हाई, काय इचारत न्हाई. ताटलीत जेवन वाढती अन् तो खातो ते बघत बसती. मला रडू आलं. मावशी म्हनली, “तुला काय कळालं गं रडायला?” मी म्हनलं, समदं.

मंग मधे लाइट लागले, रीळ बदललं. अन् पुढं बघते तर तोच मानूस, दाढी न्हाई. अन् पोरगी पाळन्यात, बबीएवढी. तो पाळन्यापाशी उभा ऱ्हातो. तिला उचलत न्हाई. दोरीला हात लावतो, सोडतो. पिशवी उचलतो अन् बाहेर जातो. बाई दारात उभी. बर्फ पडून राह्यलं, त्याच्या पावलाचे खड्डे बुजून चालले. झालं. पिक्चर खतम.

मावशी म्हनली, “हे काय गं बाई? पोरगी चालत होती, परत पाळन्यात कशी गेली?”

ते सर उठून म्हनले, त्या मुलखात गोष्ट सरळ सांगत न्हाईत. येनं आधी दाखवलं अन् जानं मागून, मुद्दामच. मला तर भेवच वाटलं. मनात आलं, म्हनजे शेवट काय तर गेलाच का तो?

लोकं गेल्यावर भुजंगभाऊला गाठलं. भाऊ, हे असंच हाये का? ते डोकं खाजवायला लागले. म्हनले, “वहिनी, खरं सांगू का, डब्ब्यावरचे नंबर पुसलेत. मी अंदाजानं लावलं. मागंपुढं झालं असंल. न्हाई बी झालं असंल, या लोकांचा काय भरोसा न्हाई. हा पिक्चर मी पह्यल्यांदाच लावला.”

“मंग कोनाला ठावं?”

“तुमच्या मालकालाच. त्याला पाठ हाये. म्हनून तर मी म्हनलो होतो तूच जा जालन्याला, पन तो ऐकंना, त्यानंच नागपूर मागून घेतलं.” अन् एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

हे लिवायचं न्हाई असं मी ठरवलं होतं. वर लिवलं बी न्हाई, काम निघालं म्हनून लिवलं. पन आता लिवून गेले. तुम्हाला काम निघालं न्हवतं. तुम्हाला जालना नको होतं.

मी तिथंच पायरीवर बसले. भुजंगभाऊंनी पानी आनून दिलं अन् सांगितलं की तुम्हाला अजून खोली मिळाली न्हाई, केबिनीतच पेट्याशेजारी झोपता. तुम्ही म्हनलात म्हने, काय तोंड घेऊन जाऊ, खोली घेऊन न्यायला येतो म्हनून सांगून आल्तो.

अहो, खोली कोनी मागितली? लगीन झाल्यावर तुमच्या मेंढरामागं मी हिंडले न्हाई का? मेंढरं कोंडायच्या जाळीशेजारी एका घोंगड्यावर झोपले, पहाटं दवानं लुगडं भिजायचं. तवा काय खोली होती? मामा, म्हनजे तुमचे वडील, तुम्हाला म्हनायचे, मेंढरं सोडली अन् पडद्यावरची मानसं हाकायला निघाला. तवा तुमच्या बाजूनं कोन बोललं? मीच बोलले. सुनेनं बोलायचं नसतं तरी बोलले.

आखाडात तुम्ही मला बाळंतपनाला माहेरी सोडलं. दिवाळीला येतो म्हनलात. पोरगी झाली म्हनून भाऊनं कार्ड टाकलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मुलगी झाली म्हनून का काय, असं बायका इचारतेत. मी न्हाई म्हनते. पन मला ठावं न्हाई.

आता एक अजून हाये. ते सांगते अन् बस करते.

आमच्या गोपिकावहिनी रोज काही बोलतेत. परवा ताकाचं गाडगं उतरवता उतरवता म्हनल्या, “काय ननंदबाई, न्यायला येनार होते तुमचे पडदेवाले. पडदा पडला वाटतं.” वहिनीचं मी मनावर घेत न्हाई. पन हिरीवर बायका इचारतेत, टाकली का गं तुला? टाकली. जुन्या खराट्याला म्हनतेत तसं. मी घागर भरते अन् येते.

अन् भाऊनं टेंभुर्णीचं एक ठिकान पाह्यलं. माझा पाट लावून द्यायला. मानसाची बायको मेली, दोन पोरं हायेत, पानी हाये रानात. बरा हाये म्हनतेत. शिमगा झाला की पंच बसनार, तुमच्याकडचं कोनी आलं न्हाई तर काडीमोड करनार अन् मला तिकडं देनार. मी भाऊला म्हनलं, माझा नवरा मेला न्हाई. तर तो म्हनला, “मेला असता तर लोकं इचारत तरी नसते गं.” अन् डोळे पुसले त्यानं. भाऊ वाईट न्हाई. त्याच्या बी घरात पाच तोंडं हायेत.

पन पाटात लेकरू येत न्हाई. बापाचं बापाकडं. त्या मानसानं सांगून पाठवलं, पोरगी आनायची न्हाई. म्हनजे बबीला तीर्थपुरीला तुमच्या घरी पोचवनार. अजून ती अंगावर पिती. रात्री माझं बोट धरल्याबिगर झोपत न्हाई. तुमच्या आईला गुडघ्यानं उठता येत न्हाई, तिला कोन घेईल? मेंढरामागं कोकरं बांधतेत पाठीवर, तसं बांधून नेतील का?

मला लई भेव वाटून राह्यलं. दिवसा वाटत न्हाई, कामात असते. पोरगी दूध पिताना वर बघती ना, तवा वाटतं.

मी तुमच्यावर रागावले न्हाई. रागावायला मानूस समोर लागतो. तुम्ही रातच्याला शो सुटल्यावर यायचे, अंगाला त्या मशीनच्या दिव्यात जळनाऱ्या कोळशाचा वास यायचा, अन् मला जागं करून पिक्चर सांगायचे. इंटरवलच्या फुडचं मी झोपून ऐकायचे. मला वाटायचं हे काय रोजचंच हाये. आता वासाचं आठवायला गेलं तर येत न्हाई ध्यानात. त्याचंच वाईट वाटतं.

भुजंगभाऊ मंगळवारी पेट्या घेऊन परभनीला जानार अन् तिथून नांदेडला. नांदेडला तुम्ही येनार, मोठा कार्यक्रम हाये, शिमग्यापर्यंत चालनार, दोघं लागतेत, असं ते म्हनले. हे पत्र त्यांच्याजवळ देते. पोस्टात टाकलं तर तुम्ही म्हनताल मिळालंच न्हाई.

मी हसनाबादला परत जात न्हाई. शिमग्यापर्यंत मावशीकडंच हाये. तुम्ही या. खोली नसली तरी या, हात हालवत या. पोरीला दोन रुपयाचं झबलं बी आनू नका. उंबऱ्याबाहेर बसले तरी चालंल, मी इचारनार न्हाई काही. अन् त्या पिक्चरचं कोनतं रीळ आधी, येनं का जानं, ते चिठ्ठीत लिवून भुजंगभाऊसंगं पाठवू नका. ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं हाये.

न्हाई आले तर शिमग्याच्या आत मीच नांदेडला येते. मावशी म्हनती, न्यायला आल्याबिगर लेक जाती का कुठं, जनात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. मी म्हनलं, मावशे, इथं तरी कुठं जागा हाये. नांदेडची रेल्वे इथूनच जाती. टाकीजाचं नाव घेतलंय लिवून. तिकीट काढून आत बसंन, एकदम मागच्या बाकड्यावर, पडद्याकडं पाठ करून. लोकं म्हनतील बाई येडी हाये, उलटी बसली. म्हनू द्या. भिंतीच्या ज्या भोकातून तुमचा उजेड येतो, त्याच्याकडं पोरीचं तोंड करून बसंन. तुम्हाला मशीन सोडून जाता येनार न्हाई अन् बघितल्याबिगर ऱ्हाता येनार न्हाई. मंग काय करायचं ते करा.

पेन्शील झिजली. पोरगी उठली.

खाली ‘तुमची’ म्हनून लिवते. शिमग्याच्या फुडं हे लिवता येईल का न्हाई ते तुमच्या हातात हाये, म्हनून आता जरा दाबून लिवते.

तुमची
आसरा