समोरच्या कंपनीची गोळी

३ मार्च
टॉन्सिल्स काढले. सर्जन बावळट आहे. मी एमआर, सोळा वर्षं औषधं विकतोय, आणि हा मला घसा कसा सांभाळायचा ते सांगतोय! वर अँटिबायोटिक लिहून दिलं ते नेमकं समोरच्या कंपनीचं. आमची नवी गोळी एकोणीसला बाजारात येतेय. तेवढं थांबता येत नव्हतं?
संकल्प : एकोणीसच्या कॉन्फरन्समध्ये झाडून सगळ्या डॉक्टरांपुढे बोलायचं. विषय : 'कोर्स अर्धवट सोडू नका'. मग मॅनेजरपद खिशात.

५ मार्च
गोळ्या बंद. शत्रूचा माल पोटात घालणार नाही. बायकोने विचारलं, घेतली का. घेतली म्हणालो. ती भूगोल शिकवते, तिला औषधातलं काय कळतं?

९ मार्च, सकाळ
डाव्या बाजूने मान धरलीय. उशीचा दोष. उशी सासूबाईंनी दिलेली. हुडहुडी भरून ताप. तो पंख्यामुळे.

१० मार्च
मान सुजली. बायको म्हणते, सर्जनला दाखवू. कशाला? उगाच शेफारेल. आरशासमोर भाषणाची तालीम केली. 'कोर्स अर्धवट'पर्यंत येऊन दम लागला. वाक्य फार लांब आहे.

१४ मार्च, हॉस्पिटल
परवा मी थडथड उडायला लागलो, तेव्हा बायकोने शेजाऱ्याच्या गाडीत घालून इथे आणलं. मानेच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी, तीही जंतूंनी भरलेली. तिचे तुकडे फुप्फुसात गेलेत. सर्जन म्हणाला, फार दुर्मिळ, मी पहिल्यांदाच बघतोय. दुर्मिळ म्हटल्यावर जरा बरं वाटलं. मग त्याने विचारलं, गोळ्या पूर्ण घेतल्या ना? मी घसा दुखतोय अशी खूण केली. बायकोने पर्समधून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. माझ्या सॅम्पलच्या बॅगेत सापडली म्हणे. जवळजवळ भरलेली. मग ती रडली. तेव्हा मात्र मी घाबरलो.
सलाइनमधून अँटिबायोटिक चालू आहे. कुठल्या कंपनीचं ते विचारलं नाही.

२० मार्च
काल कॉन्फरन्स झाली. माझं भाषण माझ्या हाताखालच्या ज्युनियरने ठोकलं. सर्जनने माझ्या मानेचा स्कॅन पडद्यावर दाखवला. परवानगी मीच दिली होती, नाव मोठ्या अक्षरात टाका असंही सांगितलं होतं. नाव टाकलं नाही. खाली एवढंच : रुग्णाने औषध स्वतःच बंद केलं. ज्युनियर फोनवर म्हणाला, सर, तुमच्या मानेमुळे माझं भाषण काय रंगलं!
मॅनेजर तो होतोय.

६ एप्रिल
घरी आलो. अजून गोळ्या आहेतच. समोरच्याच कंपनीच्या. बायको पुढ्यात खुर्ची घेऊन बसते. गिळली म्हटलं तरी उठत नाही. तोंड उघडून, जीभ वर करून दाखवावं लागतं.