जा, आईला भेटून ये

नोर्डकेर्के, ५ जून १९७४

चि. क्राइन यास,
यिक्केताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या! हवामान आम्हाला रेडिओ सांगतो रे. तू जेवतोस का, झोपतोस का, ते लिहीत जा.

बातमी अशी, की यंदाची सायकल शर्यत आपल्या बांधावरच्या रस्त्यानं जाणार आहे. शुक्रवारी चौदा तारखेला मेंढ्या बांधून ठेवा, असं नगरपालिकेचा माणूस सांगून गेला. तेव्हापासून आईनं घर डोक्यावर घेतलंय. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती फाटकापलीकडे गेलेली नाही, पण त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं स्वयंपाकघरातली खुर्ची बांधावर नेऊन ठेवायची, असं फर्मान निघालंय. शिवाय दालचिनीचे बोलुस करणार आहे, एक तुला आणि एक लेवीनला. सायकलवर बसून चिकट पाव कोण खाणार, असं मी म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली. पुरात आई-बाप गेल्यावर लेवीन आपल्याकडे आला तेव्हा आठवडाभर बोलुसशिवाय कशालाही तोंड लावत नव्हता, तू मला शिकवू नकोस, म्हणाली.

गावात अजून विचारतात, क्राइन कधी जिंकणार? मी सांगते, त्याचं काम लेवीनला जिंकवायचं आहे. पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं. लोक म्हणतात, बरं बरं, पण आठ वर्षं झाली की!

जमलं तर सगळ्यांची परवानगी घेऊन आईपाशी क्षणभर थांब. घरावरून जाणाऱ्याला तेवढी मुभा देतात ना? नाहीच जमलं तर निदान हात कर.

मुलं मामाला पापे पाठवतात. प्रकृतीला जप आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
यिक्के


आसेन, १२ जून १९७४

ती. यिक्केताईस,
क्राइनचा सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकलं असशीलच, पण माझ्या हातचं वाच. पिवळी जर्सी माझ्या अंगावर आहे! काल पाच जण पुढे पळाले. त्यांच्यावर नजर ठेवायला लेवीननं मला त्यांच्या मागोमाग धाडलं. मी नुसता त्यांच्या मागे बसून होतो, पण घोळक्यानं आम्हाला हलक्यात घेतलं आणि आम्ही इतके पुढे निघून गेलो की संध्याकाळी एकूण वेळेत पहिला नंबर माझा. आमचे व्यवस्थापक माझं अभिनंदन करताना असे दिसत होते, जणू त्यांच्या गाडीवर कुणीतरी ओरखडा काढलाय.

लेवीनचं काय, ही धाकधूक मला होती. राजा तो, मी गडी. पण आज जेवण झाल्यावर तो आपण होऊन खोलीवर आला, पलंगावर बसला आणि म्हणाला की इतकी वर्षं तू माझ्यासाठी झिजलास, ही शर्यत तुझी, आता मी तुझ्यासाठी वारा खातो. शुक्रवारचा विषयसुद्धा त्यानंच काढला. बांध यायच्या आधी तू पुढे हो, मावशीला भेटून ये, तोवर घोळका हळू चालेल, मी सगळ्या संघांशी बोललोय, असं म्हणाला. घरच्यांना भेटायला थांबलेल्या माणसावर कुणी हल्ला चढवत नाही, हे आमच्यात लिहिलेलं नसलं तरी सगळे पाळतात.

तेव्हा आईला सांग, खुर्ची बांधाच्या डाव्या अंगाला ठेवा. मी उतरून तिचा पापा घेणार आहे. एकदाच, आणि तोही पिवळ्या जर्सीत. रविवारपर्यंत ही अंगावर राहिली तर आयुष्यात मला दुसरं काही मागायचं नाही.

भावजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. वडीलकीची माया आहे ती राहू द्या.
तुझा,
क्राइन


मिडलबर्ग, १७ जून १९७४

ती. मावशीस,
लेवीनचा शि. सा. नमस्कार.

काल शर्यत संपली आणि तुझ्या आशीर्वादानं मी जिंकलो. जर्सी अखेर घरातच राहिली, हाच मोठा आनंद. शुक्रवारी बांधावर तुला पाहिलं, पण थांबता आलं नाही. तू समजून घेशील.

क्राइनचं वाईट वाटतं. त्यानं भेटून लगेच निघायला हवं होतं. तो फार वेळ थांबला. इतक्यात वारा आडवा झाला, बाकीचे संघ जोर करू लागले, मग मला एकट्याला काय करता येणार? शर्यत कुणासाठी थांबत नाही. आईच्या मायेपुढे त्याला वेळेचं भान राहिलं नाही, त्याला मी दोष देत नाही. तूही स्वतःला लावून घेऊ नकोस.

जत्रेला आन्नालीसला घेऊन येईन. लग्नाचं ठरतंय. पुढच्या वर्षी क्राइनला संघात ठेवा असं मी व्यवस्थापकांना सांगितलंय, मी त्याला विसरणारा नाही.

तुझा हात माझ्या डोक्यावर आजवर होता तसाच असावा.
तुझा,
लेवीन


नोर्डकेर्के, २० जून १९७४

चि. क्राइन यास,
अनेक आशीर्वाद.

इतके दिवस झाले, तुझी एक ओळ नाही. रुसायचं तर माझ्यावर रुस, मीच तुला थांबायला सांगितलं. पण इथे काय चाललंय ते तुला कळायला हवं.

लेवीनचं पत्र आलं. आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि तेव्हापासून तिनं अन्न टाकलंय. मी त्याचा हात धरून ठेवला, असं एकच म्हणते. मी सोडला असता तर तो गेला असता, त्याच्या जन्माची एकच संधी मी मातीत घातली. तिची समजूत काढून मी थकले. ती खुर्ची स्वयंपाकघरात परत आणू देत नाही, बांधावर पावसात भिजतेय.

मी तिथेच उभी होते, क्राइन. तू एक पाय जमिनीवर टेकलास, तिनं तुझा हात धरला, आणि तिनं बोलुस पुढे करेपर्यंत ते आलेच. हळू कुठले? माना खाली घालून, एकमेकांना चिकटून, कुणीतरी मागे लागल्यासारखे. सगळ्यात पुढे कोण होतं ते मी पाहिलंय. तुमच्याच संघाचे कपडे मला ओळखता येत नाहीत असं समजू नकोस. आता मला खरं काय ते लिही. गप्प बसलास तर मी आगगाडीत बसून तिकडे येईन, आणि मी आले की काय होतं ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

माझा राग आणि माझी माया, दोन्ही तुझ्यापाशी पोचोत.
तुझी ताई,
यिक्के


ब्रेडा, २३ जून १९७४

ती. यिक्केताईस,
सा. न. वि. वि.

लिहितो, पण आईला यातलं काही सांगू नकोस.

घोळका जाताना पाहिला तेव्हा मला वाटलं, चूक झाली, कुणीतरी माथेफिरूपणा केला, लेवीन त्याला आवरेल. मी सायकलवर टांग टाकली आणि धावलो. बांधाच्या वळणावर वारा आडवा येतो, तिथे सगळे तिरक्या रांगेत पंख्यासारखे पसरतात आणि पुढच्याच्या आडोशाला राहतात. त्या पंख्यात जागा मिळाली नाही की माणूस संपला. मी शेवटच्याच्या मागच्या चाकापर्यंत पोचलो होतो, ताई. हात लांबवला तर त्याची सीट लागेल इतका जवळ. आमच्याच संघाचा पोरगा होता. त्यानं मागे वळून पाहिलं आणि मला आडोसा मिळू नये म्हणून तो रस्त्याच्या कडेला सरकला. तो रडत होता. त्याला तसं सांगितलेलं होतं.

मग एक म्हातारा बेल्जियन गडी माझ्यासाठी मागे आला. दुसऱ्या संघाचा, माझा कुणी नव्हे. काही वेळ त्यानं मला वारा तोडून दिला आणि सांगितलं की लेवीन सगळ्या संघांशी बोलला होता हे खरं, पण काय बोलला ते वेगळं. क्राइन आईपाशी उतरेल तेव्हा बांधावर जोर करायचा, हे त्यानं बुधवारीच ठरवून टाकलं होतं. म्हणजे माझ्या पलंगावर येऊन बसला त्याच्याही आधी. हरायचं मला माहीत आहे, आठ वर्षं तेच केलं. त्यानं नुसतं वेगात हरवलं असतं तर मीच त्याला खांद्यावर घेतलं असतं. पण त्यानं आईला मध्ये घालून केसानं गळा कापला.

शनिवारी व्यवस्थापकांनी मला त्याच्यासाठी बाटल्या आणायला लावल्या. मी आणल्या. त्यानं घेतल्या, थँक्यू म्हणाला. आता मी करार परत पाठवला आहे.

आईनं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिला कळलं तर ती खचेल. निदान एक मुलगा तरी तिच्या नजरेत राहू दे.

इथे कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तू आहेस, तेवढं पुरे.
तुझा,
क्राइन


नोर्डकेर्के, २७ जून १९७४

चि. लेवीन यास,
अनेक आशीर्वाद.

माझी अक्षरं वाकडी येतात, सांभाळून घे. हे पत्र यिक्के लिहून देणार होती, पण मी तिला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

क्राइननं नको म्हटलं होतं, तरी तिनं मला सगळं सांगितलं. मी तिच्यावर आधी ओरडले. मग दुपारभर रडले, आणि संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पोटभर सूप प्यायले. कारण पोराला मी बुडवलं नाही, हे मला कळलं. तू ते मला सांगू शकला असतास. तू उलट लिहिलंस.

लेवीन, माझे डोळे अजून शाबूत आहेत. तू जवळ आलास तेव्हा मी तुझा बोलुस हातात धरून पुढे केला होता. तू मला पाहिलंस आणि मान खाली घातलीस. मला वाटलं होतं, बिचारा दमलाय.

जिंकलास त्याचं मला काही नाही. जर्सी तुला हवी होती तर त्याच्याकडे मागायची होतीस. तुला आजवर त्यानं कशाला नाही म्हटलंय?

जत्रेला ये. सुनेला घेऊन ये. टेबलावर तुझं पान असेल, तुझ्या आईला मी शब्द दिलाय आणि तो मी मोडणार नाही. फक्त मागच्या दारानं येऊ नकोस. ते घरच्यांसाठी आहे. पुढचं दार पाद्र्यासाठी, डॉक्टरसाठी आणि परक्यांसाठी उघडतं. तिथे घंटी आहे, ती वाजव आणि थांब. कुणीतरी येऊन उघडेल.

तब्येतीस जपावे.
मावशी