घागरीतून आणलेले बेडूक

प्रिय सासूबाई,

‘प्रिय’ लिहिताना हात जरा अडखळला. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, “कवापासून गो मी तुझी लाडकी झाली?”

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत तुमची आठवण काढून मी फारशी रडले नाही, खोटं कशाला सांगू? पण आज सकाळी मी तुमच्यासारखी भांडले. कमरेला पदर खोचून, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागेपर्यंत! घरी आले, पायाचा चिखल धुतला आणि लक्षात आलं की हे जिला सांगावं अशी बाईच घरात उरलेली नाही. तुमच्यानंतर तोलामोलाचं भांडायलाही कोणी नाही आणि भांडणाची गोष्ट ऐकायलाही नाही. म्हणून हे पत्र.

भांडण कशावरून, हे विचारालच. आपल्या त्या खोलगट भातखाचरावरून. तुमच्या धाकट्याने, दिनकर भावोजींनी, आज तिथे भराव टाकायला डंपर आणला होता.

आठवतं का, मी लग्न होऊन शेलार गावात आले तेव्हाचं? मी नारपोलीची, कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटीत वाढलेली. तुमच्या घरामागेही लूमचं शेड आहे हे बघून मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, निदान झोप तरी लागेल. मग पहिला शुक्रवार आला. लूमला सुट्टी. शेड बंद झालं आणि शेतातून जो काही गलका उठला! मी धावत चुलीपाशी आले. “मोटर जळली का?” विचारलं. तुम्ही हसता हसता मिसरीचं बोट तसंच तोंडात धरून खाली बसलात.

“मोटर न्हाय गो, नवरदेव हायेत ते! पिवळे होऊन आलेत.”

मग मला बांधावर घेऊन गेलात. ओंजळीत मावणार नाहीत एवढे मोठे पिवळेधमक बेडूक आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. मला किळस आली. तुम्ही कौतुकाने बघत होतात. “तुडतुडं खातात, अळी खातात, बांध पोखरनारं खेकड्याचं पिल्लू बी खातात. हे हायेत तवर आपला भात हाय.” मी मनात म्हटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी!

पुढे दर पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही बांधावर जाऊन बसायचात. पोरांनी आवाज केला तर दटावायचात. सहा दिवस लूम, एक दिवस बेडूक, असा तुमचा हिशोब होता.

आणि म्हणूनच तो पावसाळा मी विसरू शकत नाही. शेडवाल्याकडे घाईची ऑर्डर आली होती. शुक्रवारीसुद्धा लूम बंद होत नव्हते. बेडूक ऐकू येत नव्हते, पण त्याचं कोणाला काय वाटणार? लूम चालू असले की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, बेडकांचं कुठून यायचं! साऱ्या आळीची तीच समजूत. तुमचीसुद्धा.

मग ऑर्डर संपली आणि एका शुक्रवारी शेड बंद झालं. तुम्ही बांधावर बसलात, मी मागे उभी. शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. बराच वेळ तुम्ही तशाच बसून राहिलात.

“येवढं चिडीचूप तर मयताच्या घरात बी नसतं,” तुम्ही म्हणालात आणि उठलात.

लूममुळे बेडूक ऐकू येत नव्हते असं आम्ही धरून चाललो होतो. ते नव्हतेच! गोण्या भरभरून माणसं त्यांना घेऊन गेली होती. तंगड्या तेवढ्या बर्फात घालून परदेशी खायला जायच्या आणि बाकीचं रस्त्याच्या कडेला टाकून द्यायचे. आमच्या बांधावरून त्यांची ये-जा चालली होती आणि खटखटीत एकाचंही पाऊल कोणाला ऐकू आलं नव्हतं.

गोण्या भरणाऱ्यांत आपले भावोजीही होते, हे तुम्हाला त्यांच्या नव्या शर्टावरून कळलं. जेवायला बसले होते. तुम्ही पुढचं ताट ओढून घेतलंत.

“बेडूक इकलेस ना? मग भात कशाला मागतोस?”

पोटच्या पोराला बेडकांसाठी उपाशी ठेवणारी आई मी तोवर पाहिली नव्हती! तुमचा राग उतरेपर्यंत ते चुलत्यांकडे जेवले. मला तेव्हा वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. आज भावोजी डंपरच्या पुढे उभे राहिले ना, तेव्हा मला त्या ताटाची फार आठवण झाली.

पुढे काय झालं ते तुम्हालाच काय सांगायचं? पण सांगते, कारण भावोजी म्हणतात की हे सगळं तुम्ही रचून सांगायचात. दुसऱ्या वर्षी भातावर तुडतुडे आले आणि उभं शेत जागोजागी करपलं. खेकड्यांनी बांध पोखरले. रात्रीत पाणी निघून जायचं आणि सकाळी खाचर कोरडं. बगळे यायचे, दोन पावलं चालायचे आणि उडून जायचे. गोठ्यामागची धामण दिसेनाशी झाली. “खायाला न्हाय तर र्‍हाईल कशी?” तुम्ही म्हणालात. धामण गेली, तसे कणगीत उंदीर आले. बेडूक गेले आणि एकेक करून सगळं घर त्यांच्यामागे निघाल्यासारखं झालं.

तुमच्या थोरल्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, शिफ्ट संपवून येताना फवारायचं औषध आणलं. आणि तुम्ही पंपापुढे आडव्या उभ्या राहिलात! “औषध कसलं? उरलेसुरले बी मारशील.”

यावर मात्र मी आजही तुमच्याशी भांडणार आहे. त्या वर्षी थोडं फवारलं असतं, तर निम्मं तरी भात हाती लागलं असतं. तुमचा हट्ट राहिला आणि वर्षभर आम्ही रेशनचा तांदूळ निवडत बसलो. तुम्ही भाकरी खायचात, ‘मना हा भात गोड न्हाय लागत’ म्हणायचात. पोरांना कोण विचारत होतं गोड लागतो का? सासूबाई, तुम्ही खऱ्या होतात, पण खऱ्या माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, आता सांगते.

तरीही तुमच्याबरोबर शहापूरला गेले कोण? मीच ना! मला म्हणालात, माहेरी भावाला बघून येऊ. तिथे भावाला एकदाच बघितलंत आणि ओढ्याकाठच्या डबक्यातून गाळून गाळून बेडकांची शेपटीवाली पिल्लं घागरीत भरलीत. घागरीच्या तोंडाला माझी लग्नाआधीची धुवट ओढणी बांधलीत, न विचारता!

एसटीत घागर तुमच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला पाणी माझ्या साडीवर. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

“मावशी, घागरीत काय हाय?”

“माझी म्हायेरची मानसं,” तुम्ही म्हणालात.

तो बिचारा हात जोडून पुढे सरकला. त्याला वाटलं, अस्थी आहेत! पुढच्या बाईने आपलं पोर उचलून मांडीवर घेतलं. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं आणि तुम्ही मात्र खिडकीबाहेर बघत बसला होतात, वरात घेऊन निघाल्यासारख्या.

ती पिल्लं तुम्ही खोलगट खाचरात सोडलीत आणि तिथे भाताची आवणी करायची नाही, फवारायचं नाही, असं जाहीर केलंत. गावाने तुम्हाला नावं ठेवली. किती जगली, किती बगळ्यांच्या पोटात गेली, कोण जाणे. पण तीन पावसाळ्यांनी त्या खाचरातून एकट्याचा आवाज आला. पुढच्या वर्षी दोघा-तिघांचा. आजूबाजूच्या चार खाचरांत मग फवारायची गरज पडेना, हे माझ्या नवऱ्यानेही कबूल केलं. तोंडाने नाही, पंप विकून टाकला.

आता आजचं ऐका.

पावसाने चार दिवस उघडीप दिली आहे. तेवढ्यात भावोजी, एक एजंट आणि मागे डंपर. पूर्णा गावाकडे गोदामं उठतायत ना, तसं इथे करायचं आहे. रस्त्याला लागून आपलंच खाचर. “वहिनी, डबकं तर हाय ते! आईचं खूळ आईबरोबर गेलं. दादाला मी सांगितलंय.”

दादाने हो म्हटलंय का, हे मी विचारलंच नाही. चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात मधोमध जाऊन उभी राहिले.

एजंट हसला. “भाभी, दो मेंढक के वास्ते इतना बड़ा काम रोकोगी?”

“रोकेगी,” मी म्हटलं. “और दो नहीं है. गिनना है तो नीचे उतर.”

त्याचे बूट पॉलिशचे होते. उतरला नाही.

भावोजी ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले. तुमचं नाव निघालं, माझं माहेर निघालं. तेवढ्यात ड्युटी संपवून तुमचा थोरला आला. अंगाला कापसाचा भुगा, डोळे लाल. सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. मीसुद्धा. सासूबाई, मला खरंच ठाऊक नव्हतं तो काय करणार. त्याने धाकट्याकडे पाहिलं, डंपरकडे पाहिलं. चपला काढून बांधावर जोडीने ठेवल्या आणि पाण्यात उतरून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

डंपरवाला आधी परतला. त्याला दुसरीकडे खेप होती.

ते पुन्हा येणार, हे मला कळतं. भावोजींचा वाटा आहे, तोही खोटा नाही. वरच्या अंगाची शेतं गेली तर कापड रंगवणाऱ्या रंगखात्याचं निळं-लाल पाणी सरळ आपल्याकडे उतरेल, हेही दिसतंय. म्हणून परवाच आम्ही शेताच्या त्या बाजूची मोरी बंद करून तिथे उंच बांध घालायला घेतला आहे. आणि सगळ्यात वाईट बातमी मी शेवटी ठेवली. बारके बेडूक आहेत, पण मोठा पिवळा तुम्ही गेल्यापासून दिसलेला नाही. या पावसातही नाही. कदाचित आता येणारच नाही.

तरी वचन देते, ऐका. हे खाचर मी तुमच्यासाठी राखत नाही, तुमचा शब्द म्हणूनही नाही. तुम्ही ते राखलंत तुमच्या हट्टाने, मी राखीन माझ्या. मी आहे तोवर इथे भराव पडणार नाही आणि पाणी आटू देणार नाही. तो येवो न येवो. पण एखाद्या वर्षी आलाच, तर टेकायला जागा नाही म्हणून माझ्या दारातून परत फिरणार नाही.

तुमची भांडकुदळ सून,
सुरेखा