कडीवरचा हात

आई, "पुस्तकातल्या बाईला बोलायला काय जातंय, तिला थोडंच सांजच्याला याच चुलीवर भाकरी टाकायचीय," असं तू म्हणाली होतीस. तवा तापत होता, तुझी पाठ माझ्याकडे होती, आणि तू मागे वळून पाहिलं नाहीस. मी तेव्हा पाचवीत होते. आता तू गेलीस त्या वयाच्याही पुढे आले आहे. पुस्तकं लिहिते, त्यांतल्या बायकांना बोलायला लावते, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी दर वेळी तुझं ते वाक्य ऐकू येतं. एका वाचक बाईंनी मला कळवलं, तुमच्या गोष्टींतल्या बायका दारापर्यंत येतात आणि तिथेच उभ्या राहतात. त्या दारात माझ्या आधीपासून एक बाई उभी आहे, हे त्या वाचक बाईंना कसं सांगणार?

ते पुस्तक तू माहेराहून, डिंगोऱ्याहून, पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली घालून आणलं होतंस. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती, त्यामुळे नावही नव्हतं. जुन्या काळातली कादंबरी. गावात पटकीची साथ येते, रोज एक तिरडी निघते, आणि लोक म्हणायला लागतात की गावाबाहेर राहणाऱ्या सुइणीने ही आणली. जिच्या हातांनी गावातली निम्मी पोरं जन्माला आली तिलाच दगड घेऊन शोधत फिरतात. ती पळत पळत पाटलाच्या स्वयंपाकघरात शिरते. घरात पाटलाची धाकटी सून एकटी. अंगणात माणसं जमतात. सून दाराशी येते. दुपारी दादा जेवून लवंडले की तू थोडं वाचायचीस, आणि मग कांदा निवडताना बायकांना ते तुझ्या शब्दांत सांगायचीस. कांदा साठवायच्या बराखीच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, तुम्ही सगळ्या कांद्याच्या ढिगाभोवती बसलेल्या. पाचटाने शाकारलेल्या त्या लांबट बराखीच्या फटींतून वारा आरपार जातोय, वाऱ्यावर कांद्याची सालं उडताहेत, आणि मी शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन तुझ्या पाठीशी टेकले आहे. अजूनही सालं उडताना दिसली की मला पटकी आठवते.

तू गोष्ट लांबवायचीस. सुनेला दाराशी आणून तू चार दिवस तिथेच ठेवलं होतंस.

"अगं ए, निघाली का न्हाई ती भाएर? आमचा कांदा संपत आला," एकजण म्हणायची.

"निघंल, निघंल. पाटलाची सून हाये, पदर सावरायलाच दोन दिस लागत्यात," दुसरी म्हणायची, आणि सगळ्या खदखदून हसायच्या.

हसत नसायची ती डोंगरातून कामाला आलेली एक बाई. धरणाच्या वर तिची ठाकरवाडी. नवरा गेलेला, पोर गेलेलं, सुगीला खाली कामाला यायची आणि काम संपलं की वर जायची. बायका तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. तू तांब्या तिच्या हातात द्यायचीस. त्याबद्दल तू कधी काही बोलली नाहीस, इतर कोणी काही बोलायच्या आत तू तांब्या परत घेऊन स्वतः पाणी प्यायलेली असायचीस. एकदा तिने तुला विचारलं, "आन ती सुईन आतमदी काय करतीय?" तू म्हणालीस, ते पुस्तकात लिहिलेलं नाही. "मंग लिवनारा बी भाएरच उभा व्हता म्हना की," ती म्हणाली. तू हसलीस, पण त्यानंतर गोष्ट सांगताना तू अधूनमधून तिच्याकडे पाहायला लागलीस.

त्या साली कांदा शेतात काढून पडलेला असताना वळीव झाला होता. चार दिवस उन्हात पडू द्या, माना वाळू द्या, असं तू दादांना म्हणाली होतीस. दादांना ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी मिळत होता, म्हणून कांदा तसाच बराखीत भरला. ओला कांदा भरला की सडतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून श्रावणात बराखीच्या एका अंगाने काळं पाणी गळायला लागलं तेव्हा निवडायला बसलेल्या प्रत्येक बाईला त्याचं कारण ठाऊक होतं. ते कोणी म्हटलं नाही. थोरली काकी नाकाला पदर लावून उठली आणि म्हणाली, "ही बसती त्याच अंगाचा सडलाय बगा. हिचा हातच तसला. नवरा खाल्ला, पोटचं पोर खाल्लं, आता आमच्या बराखीला लागलीय."

"वरची मानसं. काय काय येतं त्यांना," कोणीतरी पुटपुटलं.

ती डोंगरातली बाई काकीकडे पाहत नव्हती. ती तुझ्याकडे पाहत होती. तुझ्या हातात कांदा होता. तू त्याचं वरचं साल काढलंस, मग त्याच्या आतलं, मग पांढरं लागलं तरी काढत राहिलीस. एक वाक्य पुरलं असतं: आम्हीच ओला भरला. पण ते वाक्य म्हणजे चारचौघींत नवऱ्याची, दादांची, चूक काढणं होतं, थोरल्या जावेला खोटं पाडणं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त तुझी बोटं दिसत होती. "ऊठ गं बाय, उगी वाडवू नगं," असं कोणीतरी तिला म्हणालं. तिने पदरातली सालं झटकली, भाकरीचं फडकं उचललं आणि ती रस्त्याला लागली. माळावर ती लहान लहान होत गेली. मग कोणीतरी घसा खाकरून म्हणालं, "बरं, त्या सुनेचं म्होरं काय झालं?"

"तिने कडीला हात घातला," तू म्हणालीस. "पुढचं पान फाटलंय."

मला वाटलं तू खोटं बोलतेस. दुपारी पेटी उघडून मी पाहिलं. खरंच, सुनेचा हात कडीवर होता आणि त्यापुढे काही नव्हतं, नुसता शिवणीचा दोरा. मग संध्याकाळी चुलीपाशी मी तुला विचारलं, आई, तू का नाही बोललीस? त्यावर तू ते वाक्य म्हणालीस, ज्याने मी हे पत्र सुरू केलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दसरा झाल्यावर तू एक दिवस एकटीच माहेरी जाऊन आलीस. येताना पदराच्या गाठीत वाळलेले हिरडे होते. एक तुकडा माझ्या गालात ठेवलास, मला खोकला होता. डिंगोऱ्याच्या मामीने कधी हिरडे दिले नव्हते, पण तोंड तुरट झालं आणि मी विचारायचं विसरून गेले. आणि मग पुढच्या उन्हाळ्यातली कांद्याची काढणी. आपल्यात सावडीने काढायची रीत, आज तुमचा कांदा, उद्या आमचा. त्या साली आपल्या वावरात कोणीच आलं नाही. काकी नाही, समोरच्या आळीतली कोणी नाही. तू, दादा आणि मी. बांधापलीकडे सगळ्या बायका काकीचा कांदा काढताहेत, त्यांचं हसणं ऐकू येतंय, आणि आपल्याकडे फक्त पात कापल्याचा आवाज. दादा तुझ्याशी बोलत नव्हते. मी विचारलं, आपल्याकडे का नाही आल्या? तू म्हणालीस, "हात चालव." माझ्या तळहाताला फोड आले होते, तू त्यावर खोबरेल लावलंस, पण सांगितलं काहीच नाहीस. त्यानंतर तू कोणालाच गोष्ट सांगितली नाहीस. मलासुद्धा नाही.

मी तुला मनातल्या मनात माफ केलं नव्हतं. तू आजारी पडलीस, मंचरच्या दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसायचे, तुझे केस विंचरायचे, आणि तेव्हाही मला तो सोललेला कांदा दिसायचा. मग तू गेलीस.

मागच्या महिन्यात धरणाच्या वर डोंगरातल्या एका शाळेत मुलांना गोष्ट सांगायला मला बोलावलं होतं. मी आपली सुइणीची गोष्ट सांगितली. नेहमी तीच सांगते. कडीपाशी थांबते आणि म्हणते, पुढचं तुम्ही सांगा. पुढच्या रांगेतली एक मुलगी लगेच म्हणाली, "तिनं आतनं कडी घट लावली आसंल." मुलं हसली. तेवढ्यात व्हरांड्यात नातीला न्यायला आलेली एक म्हातारी खांबाला धरून उठली आणि म्हणाली, "न्हाई. कडी काडली तिनं. भाएर आली. 'आदी मला मारा' म्हनली."

आई, हे कुठल्याच पानावर नाही. ती पानं मी पाहिली नाहीत, तूही पाहिली नव्हतीस. मी तिच्याजवळ गेले. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तिचा हात खरखरीत होता आणि थंड.

"खालच्या गावच्या त्या गोष्टवाल्या बाईची तू," ती म्हणाली.

मी मान हलवली. ती सांगायला लागली, आणि मी शाळेच्या पायरीवर बसून ऐकत होते, आणि दसऱ्यानंतर माहेरी जाते म्हणून निघालेली तू एस. टी.तून उतरून ती चढण चढताना दिसत होतीस. तू तिच्या उंबऱ्यावर बसलीस. पाणी प्यायलीस. बराखीबद्दल काही बोलली नाहीस, तुला ते जमलं नाही म्हणे. गोष्ट पुरी करायची राहिली व्हती, असं म्हणालीस, आणि शेवट सांगितलास. सून बाहेर येते, अंगणात उभी राहते, आधी मला मारा म्हणते.

"मी म्हनलं, बाय, हितं कशाला सांगतीस? हितं सगळ्या सुईनीच हायेत. तितं सांग, खाली."

"मग? आई काय म्हणाली?"

"सांगते म्हनली. मी हिरडं दिलं पदरात. गेली." नात तिचा हात ओढत होती. "मी वाट बगितली लई दिस. कुनी काय सांगतंय का म्हनून. मंग म्हनली का ती तितं?"

मी काय सांगणार होते? तू तिथे काही म्हणालीस की नाही, मला माहीत नाही. मला ती ओसाड सावड माहीत आहे, दादांचा अबोला माहीत आहे. पण घरात नेहमी असंच सांगितलं गेलं की त्या साली बांधावरून वाद झाला होता. म्हातारीचे डोळे माझ्यावर होते. तसेच, तेव्हा तुझ्यावर होते तसे. माझ्या हातात कांदाही नव्हता.

"हो," मी म्हणाले. "म्हणाली."

"सगळ्यांम्होरं?"

"सगळ्यांसमोर."

"थोरल्या जावंम्होरं बी?"

"तिच्यासमोरच. आम्हीच ओला कांदा भरला, बाईच्या हाताचा काही दोष नाही, असं म्हणाली."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग नातीचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि म्हणाली, "तू बी आयसारकीच. गोष्ट ब्येस सांगतीस."

ती चढावरून दिसेनाशी होईपर्यंत मी पायरीवर होते. खाली उतरल्यावर मी काकीला फोन केला. तिला आता ऐकू कमी येतं, मोठ्याने विचारावं लागलं: त्या साली आमच्या कांद्याला तुम्ही का नाही आलात?

"अगं, बांधावरनं झालं व्हतं कायतरी. आन तुजी आय लई बोलली व्हती मला."

"काय बोलली होती?"

"आता काय आटवतंय का माय. सगळ्या बायांच्यात बोलली, येवडं खरं. तवापासनं माजं मन उडालं." मग तिने विचारलं, महाळुंगे पडवळच्या लग्नाला येणार आहेस का, आणि पुढे लग्नाचंच बोलत राहिली. मी दोनदा विषय परत आणायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. ती म्हणाली असती, व्हय, बांधाचंच, मग मी काय केलं असतं?

तर आई, इतकंच माझ्यापाशी आहे. तू सगळ्या बायकांच्यात काहीतरी बोललीस. काय, ते माहीत असलेली एक विसरली आहे, आणि जिला ते ऐकायचं होतं तिला मी माझ्या मनाने सांगितलं. तू जसं सुनेला बाहेर काढलंस, तसं मी तुला बाहेर काढलं. फरक एवढाच की सून कोणाची आई नव्हती. मी खोटं बोलले की खरं, हे मला माझ्याविषयीच कळत नाही, आणि घरात कुठे कडी वाजली की मी लिहिता लिहिता थांबते.

एक मागते. तू देणार नाहीस हे ठाऊक आहे, जिवंत असतीस तरी "हात चालव" म्हणाली असतीस. तरी मागते. त्या दिवशी तू काकीला जे बोललीस ते बांधाबद्दल नव्हतं, एवढं एकदा मला सांग. मी चुलीपाशी बसते, तू वळू नकोस हवं तर, पाठमोरीच सांग. फक्त पुढचं पान फाटलंय असं म्हणू नकोस.