आगीला दाखवल्याशिवाय

मानकोली,
२३ सप्टेंबर २०२५

ती. कमळाआत्यास,
ऋतिकाचा सा. न. वि. वि.

भावेशच्या हाती पाठवलेलं पत्र आणि जवळ्याची पिशवी, दोन्ही पोचलं. तुझा मुलगा आमच्या शेजारच्याच गोडाऊनला ड्युटीला आहे म्हणून आपलं टपाल सरकारी टपालापेक्षा लवकर येतं. निजामपुऱ्यातल्या कापडाच्या लूमच्या खडखडाटाने तीस वर्षांत तुझे कान खाल्ले, मोबाईलवरची अक्षरं तुला मुंग्या वाटतात, तेव्हा तुझ्यासाठी पेन हातात धरणं आलं. अक्षराला हसू नकोस.

दिपाली आली आहे. सातवा लागलाय. आई गेल्यापासून माझ्या या बहिणीचं माहेर म्हणजे मीच, त्यामुळे डोहाळजेवण माझ्याकडे. गेल्या वर्षी पोटातलं गेलं ते कुणी काढत नाही, पण सकाळी उठली की पोटावर हात ठेवून बसते आणि बाळ हललं की मगच चहाचा कप उचलते. तू ग्रहणात सुरी धरू नको, झोपू नको असं लिहिलंस आणि पोरगी त्या रात्री भिंतीला टेकून ताटकळत बसली. मला तुझा खरंच राग आला होता. राग लिहून टाकला, आता गेला.

कार्यक्रम बारा ऑक्टोबरला, रविवारी. गोडधोड, मटण-भाकरी आहेच, पण आधी बायकांच्या हातात एक नवा प्रकार देणार आहे. पेरची, म्हणजे नाशपतीची, पातळ फोड, तिच्यावर मऊ पांढरं चीज, भोवती खारवून धुरावलेल्या बोकडाच्या मटणाची कागदासारखी चकती गुंडाळायची, वर मधाचा थेंब आणि मिरपूड. टूथपिक टोचली की झालं. दहा मिनिटांचं काम, गॅससुद्धा पेटवायचा नाही. इथल्या नव्या टॉवरमधल्या बायका असल्या ताटांना वाट्टेल ते मोजतात. दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायचा विचार आहे, म्हणून फोटो चांगले यायला हवेत.

चीज आणि मटण नवऱ्याच्या, म्हणजे प्रितेशच्या, कामावरच्या थंड गोडाऊनमधलं. गेल्या आठवड्यात तिथलं मशीन दीड दिवस बंद पडलं आणि मालकाने सगळा माल फेकायला काढला. सोन्यासारखा माल खड्ड्यात घालायचं जिवावर आलं म्हणून पोरांनी वाटून घेतला. आमच्या फ्रिजमध्ये हात घालायला जागा नाही.

गुडघ्यांना तेल लाव. माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.
तुझी,
ऋतिका


खारबाव,
२६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ऋतिका हिस,
कमळाआत्याचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण तुझं आहे म्हणून गोड लागलं.

दिपाली सातव्यात सुखरूप पोचली, देव पावला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणून मी चार गोष्टी सांगते. तू हसतेस, हस. तिला काळं लुगडं नेसवू नको. भर दुपारी उंबराखालून नेऊ नको. उतारा ओलांडू देऊ नको. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून दारात बसू देऊ नको.

आणि हा गॅस न पेटवता पाहुणचार मला कळला नाही. माझ्या आईचं बोंबलाचं वाळवण खाडीकाठी होतं, हे तुला माहीत आहे. खारवलेलं, कडकडीत वाळलेलं, वर्षभर टिकणारं. तरी निखाऱ्यावर परतल्याशिवाय ती कुणाच्या पानात घालत नसे. आगीला दाखवल्याशिवाय पाहुण्याला न्हाय, असं म्हणायची. मशीन बंद पडलेला माल तर मुळीच नाही. अगदी करायचंच असेल तर तव्यावर चांगलं चटचटू दे. एवढं ऐक.

मी येणार नाही. ओटी भरायच्या कार्यात माझ्यासारखीची सावली नको. नातवंड हातात आलं की मग येईन आणि उठणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हातारीवरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या,
कमळा


मानकोली,
१० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
ऋतिकाचा सा. न. वि. वि.

काळं लुगडं नाही, उंबर नाही, उतारा नाही, मोकळे केस नाहीत. सगळं भिंतीवर लिहून ठेवू का? त्यातच तव्याचंही घातलंस. अगं, तव्यावर टाकलं तर चीज वितळून पेरच्या अंगावरून ओघळेल, मटण चामड्यासारखं होईल आणि फोटोत काय, खरकटं दिसेल? परदेशात लोक हे असंच गार खातात.

माल चांगला आहे. दोन पाकिटं उशीसारखी फुगली होती, ती सुईने टोचली, हवा गेली, बसली. थोडा आंबूस वास आला, पण चीजला तसा येतोच म्हणे. परवासाठी आज थोडं करून पाहिलं, त्यातलं डब्यात घालून पाठवते. खाऊन सांग. मिरपूड कमी वाटली तर कळव.

दिपालीला हल्ली खारटाचे डोहाळे आहेत. फ्रिज उघडला की मागे येऊन उभी राहते. आज तिला हात लावू दिला नाही, म्हटलं पहिलं ताट तुझंच, रविवारी. रुसली.

तू ये. सावलीबिवली कुणी मानत नाही आता. आईच्या जागी तू नसलीस तर मला त्या दिवशी रडू येईल, हे आधीच सांगून ठेवते.

येशील या आशेवर,
तुझी ऋतिका


खारबाव,
११ ऑक्टोबर २०२५, सकाळ

ऋतिका,

आशीर्वाद. मायना लिहायला वेळ नाही, भावेश गाडी चालू करून उभा आहे.

डबा उघडला. खारवलेली वस्तू बोटाला कोरडी लागली पाहिजे. ही चिकटते, तार धरते. धुराचा वास वरवर आहे, खाली दुसराच वास आहे. कान गेले, पण नाक शाबूत आहे. मांजरीला तुकडा टाकला. बोंबलाच्या डोक्यासाठी माझ्या पायात पायात करणारी मांजर हुंगून मागे सरली.

हे फेक. तव्यावर टाकूनही चालवू नकोस, आता ती वेळ गेली. फ्रिजमधलं सगळं पुरून टाक. फोटो काकडीचे काढ. बाकी माझं काहीही ऐकू नको, काळं नेसव, उंबराखाली बसव, पण हे दिपालीच्या तोंडाला लागू देऊ नको.

पोचल्याचा निरोप भावेशबरोबर उलट पाठव.
आत्या


मानकोली,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कार्यक्रम असा झाला की मानकोलीत अजून बोलतायत! झोपाळा झेंडूने मढवला होता. हिरव्या साडीत दिपाली इतकी गोड दिसली की मी दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बघ, तुझीच भाची. पेढा-बर्फीच्या वाट्यांत तिने पेढा उघडला, तेव्हा मुलगा म्हणून सगळ्यांनी ओरडा केला.

माझा प्रकार पंधरा मिनिटांत संपला. पहिलं ताट रिवाजाप्रमाणे दिपालीला. तिच्या सासूबाई राहीबाईंनी चीज बघून नाक मुरडलं आणि मटण-भाकरीवर बसल्या, पण दिपालीने अजून दे, अजून दे करत बारा-तेरा तरी खाल्ले. डोहाळकरणीला नाही कोण म्हणणार? तीन ऑर्डरी तिथल्या तिथे मिळाल्या. दोन बायकांची पोटं बिघडली, पण त्यांनी सीताफळाची रबडी वाटीवर वाटी रिचवली होती.

तुझं शनिवारचं पत्र भावेशने दिलं, त्याचा निरोप घाईत राहिला. खरं सांगू? अजून उघडलं नाही. काय असणार ते ठाऊक होतं. हे करू नको, ते करू नको. म्हटलं कार्याच्या आदल्या दिवशी मन कशाला खट्टू करायचं, म्हणून ओटीच्या नारळाखाली ठेवलं. आज निवांत वाचते. रागावू नकोस. तू आली नाहीस त्याचा राग मीही गिळलाय.

तुझ्या पायांशी,
ऋतिका


खारबाव,
१५ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिका,
अ. आ.

ते पत्र आत्ता, या क्षणी उघड. मग दिपालीला तिच्या डॉक्टरांकडे ने आणि काय खाल्लं, किती खाल्लं ते सांग. ताप नसला तरी ने. भावेशला उत्तर घेतल्याशिवाय हलू नको असं बजावून पाठवते.
आत्या


मानकोली,
२८ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
ऋतिकाचा नमस्कार.

त्या दिवशी भावेशला मी सगळं ठीक आहे असं तोंडी सांगून परत पाठवलं. पत्र वाचलं होतं. वाचून अंगाला काटा आला, आणि समोर दिपाली खिदळत चकल्या खात होती. म्हटलं, आत्याचं नेहमीचंच. उरलेली पाकिटं मात्र त्याच दुपारी पुरली. दिवाळी चांगली गेली. फराळ झाला, भाऊबीज झाली. मी तुझ्या नाकाला हसले सुद्धा.

शनिवारी तिला थंडी वाजून ताप आला. अंग ठणकतं म्हणाली. रविवारी ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का, शिळं, कच्चं, चीजबीज. मी तोंड उघडलं तर प्रितेशने माझं मनगट धरलं. तो माल नष्ट केला अशी गोडाऊनच्या वहीत त्याची सही आहे. बाहेर पडलं तर नोकरी जाईल, वर पोलीस. मी म्हटलं, घरचंच खाल्लं. दोन्ही वेळा म्हटलं.

काल सकाळपासून ती पोटावर हात ठेवून बसली आहे. बाळ हललं की चहा घेईन म्हणते. कप तसाच गार झाला. आज दुसरा ठेवला, तोही तसाच.

आत्या, मला काय करू ते कळत नाही. तुला लिहिते, कारण तुला लिहिलेलं दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही.

तुझी,
ऋतिका


ठाणे, हॉस्पिटलच्या खालच्या बाकावरून,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिका,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भावेशने काल घरी आणून दिलं. आज पहाटेच त्याच्या गाडीवर बसून मी इथे आले. सावली घेऊनच आले. घरी ठेवून काही उपयोग झाला नाही.

तुम्ही दोघं वर खोलीत होता. मी सरळ डॉक्टरांसमोर उभी राहिले आणि चिठ्ठी दिली. मला ऐकू येत नाही, कृपया वाचा, असं वर लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की दीड दिवस बंद पडलेल्या गोडाऊनमधलं चीज आणि खारवलेलं मटण, न शिजवता, बारा ऑक्टोबरला, बारा-तेरा तुकडे. पाकिटं फुगली होती, तेही लिहिलं. प्रितेशचं नाव लिहिलं नाही. विचारलं तर तेही लिहीन. नोकरी दुसरी मिळते.

डॉक्टर वाचता वाचताच उठले. नर्सला काही सांगितलं, ती पळत गेली. मग त्यांनी माझ्या चिठ्ठीखाली लिहून दिलं. ते तुझ्यासाठी उतरवते. असल्या मालातला जंतू दोन आठवड्यांनीही ताप आणतो, आणि पोटुशीला जास्त भोवतो. औषध बदललं आहे. आई वाचेल असं वाटतं. बाळाचं आत्ता सांगता येत नाही. हे तीन दिवस आधी कळायला हवं होतं.

मी तुला बोल लावणार नाही. उंबर, उतारा, ग्रहण असल्या शंभर नकारांत मी एक खरा नकार घातला, तो तुला कसा ओळखू यावा? आणि त्या रविवारी मी विधवेची सावली सांभाळत खारबावला बसले. दारात नुसती आले असते, तरी तो वास मला अंगणातून आला असता. हे माझं मला पुरेल, मरेपर्यंत.

ही चिठ्ठी नर्सच्या हाती वर पाठवते. ती बोटाने दाखवून सांगते की दिपालीच्या पोटाला पट्टा लावलाय आणि बाळाचे ठोके मशीनमधून खोलीभर ऐकू येतात. मी वर येऊन काय करू? मला ते ऐकू येणार नाहीत. तू तिच्याजवळ बस, कान देऊन ऐक, आणि याच कागदाच्या मागे लिहून पाठव. मोठ्या अक्षरात लिही.

वाट बघते.
तुझी आत्या,
कमळा